शाळा कोणी पाडत नाही

आमच्या वस्तीत शाळा नव्हती तोवर माझी बहीण चांगली शिकत होती. वाक्य उलटे वाटेल, पण घडले तसेच.

वस्ती नागपुरात, एका कापडगिरणीच्या मागच्या अंगाला, नाल्याच्या काठी होती. पुरुष गिरणीत किंवा रेल्वेच्या मालधक्क्यावर जात, बायका घरी बिड्या वळत. घरे मातीची आणि छपराला कवेलू. जागा कोणाच्या मालकीची, हे आमच्या आजोबांनीही कधी विचारले नव्हते. गिरणी उभी राहिली तेव्हा कुही-उमरेडकडून आलेल्या माणसांनी जिथे झोपड्या घातल्या, तिथे वस्ती झाली. छप्पन साली सगळ्या वस्तीने धम्म घेतला. घरोघरचे देव नाल्यात गेले. पुढच्या काही वर्षांत चौकात विहार बांधून झाला. वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी विटा आणल्या, गिरणीतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी भिंती रचल्या, बायकांनी गारा कालवला. वस्तीत पक्की इमारत तेवढी एकच.

मुले नाल्यापलीकडच्या सरकारी शाळेत जात. तिथे आमच्या मुलांची बसायची टाटपट्टी मागे, दाराजवळ असे. पाणी चपराशी वरून ओंजळीत ओती. बहीण तिसरीपर्यंत दर वर्षी वर्गात पहिली आली. पहिल्या आलेल्या मुलाला गुरुजींच्या समोर बसवायची त्या शाळेची रीत होती. बहिणीच्या बाबतीत ती रीत पाळली गेली नाही. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिला चौथी पास होऊन शहरातल्या मोठ्या शाळेत पाचवीला जायचे होते. त्या शाळेची इमारत दुमजली होती, खिडक्यांना काचा होत्या आणि पुढे मोठे मैदान होते. वडील गिरणीत जाता-येता ते मैदान पाहत. त्यांनी तिला शब्द दिला होता, तू चौथी पास कर, नाव घालायचे मी पाहतो.

साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी स्टेशनाच्या बाजूने एक रुंद रस्ता निघाला. तो पलीकडच्या नव्या बंगल्यांच्या वसाहतीकडे जायचा होता. मोजणीच्या साखळ्या घेऊन माणसे आली, चुन्याच्या रेघा ओढून गेली. रेघा आमच्या वस्तीतून गेल्या होत्या.

त्या रस्त्याचे काम शहराकडून सुरू झाले आणि मोठ्या शाळेपाशी येऊन काही महिने थांबले. सरळ गेला असता तर रस्ता मैदानाच्या मधून गेला असता. त्या शाळेत वकिलांची, डॉक्टरांची, साहेबांची मुले शिकत. पालक कोणाला तरी भेटले. रस्ता मैदानाला वळसा घालून पुढे निघाला. वडील रोज त्या वळणावरून सायकलने जात. त्यांनी त्यातून एक निष्कर्ष काढला आणि तो वस्तीत सांगितला.

"शाळा कोनी पाडत नाही," ते म्हणाले. "रस्ता वाकला, पाह्यलं नाही का? आपल्या वस्तीत सरकारी शाळा आली, तं हा रस्ताबी वाकते."

मी तेव्हा शाळेच्या वयाची नव्हते. त्या बैठकीत काय झाले ते पुढे आईने अनेकदा सांगितले. बैठक विहारातच झाली. शाळेला जागा हवी, आणि जागा म्हणजे विहार, हे सगळ्यांना दिसत होते. बोलायला कोणी तयार नव्हते. वस्तीचे पंच असलेल्या म्हाताऱ्याला सगळे आबाजी म्हणत. विहाराचा पाया त्यांच्या हाताने खोदला गेला होता. शेवटी तेच बोलले.

"बुद्धाले बाहेर काढून पोट्टे बसवाचे काय?"

यावर आई मागून म्हणाली, "त्याले काय होते आबाजी? तो तं झाडाखालीच बसला होता. पोट्ट्यायले पाऊस लागते."

बायका हसल्या. मग पुरुषही हसले. आबाजी हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. शिकलेल्या लेकरांपेक्षा मूर्ती मोठी, असे म्हणायची त्या वस्तीत कोणाची छाती नव्हती. आबाजींचीही नव्हती. दुसऱ्या एखाद्या वस्तीने रस्ता अडवायला रातोरात देव बसवला असता. आमच्या वस्तीने बसवलेला बुद्ध उचलला.

वडील आणि आबाजी शाळाखात्याच्या ऑफिसात गेले. इमारत फुकट मिळते म्हटल्यावर तिथे कोणी नाही म्हटले नाही. इमारत खात्याच्या नावे लिहून द्यावी लागेल, एवढीच अट होती. पंचांनी अंगठे उठवले. त्या पावसाळ्याच्या आधी बायकांनी भिंती नीळ घातलेल्या चुन्याने पोतल्या, वडिलांनी एका भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून काळा फळा रंगवला, आणि दारावर सरकारी पाटी लागली. एक गुरुजी मिळाले, एक कपाट, एक घड्याळ. पहिली ते चौथी एकाच खोलीत. मूर्ती आमच्या ओसरीत आली, कारण शाळेची कल्पना वडिलांची होती. संध्याकाळची वंदना आमच्या दारात होऊ लागली.

शाळा झाली, पण पटावर मुले कमी पडली तर खाते ती बंद करेल, असे गुरुजींनी सांगितले. शाळा बंद झाली तर रस्ता आला. म्हणून वस्तीने ठरवले की आपली सगळी मुले आपल्याच शाळेत बसवायची. नाल्यापलीकडच्या शाळेतून एका आठवड्यात आमची सगळी नावे काढली गेली. तिथले हेडमास्तर दाखल्यांवर सह्या करताना म्हणाले, "सगळेच चाललात? बरे झाले. वर्गात जरा हवा खेळेल."

बहिणीला जायचे नव्हते. तिचे चौथीचे वर्ष होते. ती वडिलांना म्हणाली, मी हे एक वर्ष तिथेच राहते, मागे बसते, पण परीक्षा तिथूनच देते. वडिलांनी ऐकले नाही. ज्याने शाळा आणली त्याचीच मुलगी दुसरीकडे गेली तर लोक काय म्हणतील, असे ते म्हणाले. तीही मग नव्या शाळेत आली.

गुरुजी वाईट नव्हते. ते शहरातून सायकलने येत, पाण्याची बाटली घरून आणत, तिला कोणाला हात लावू देत नसत, पण शिकवत. बहिणीला अपूर्णांक त्यांनीच शिकवले. ती आपला अभ्यास झाला की पहिली-दुसरीच्या मुलांना पाढे सांगे. चार वर्ग एका माणसाला आवरत नसत, तेव्हा गुरुजींनाही ते सोयीचे होते. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होती.

परीक्षेआधी काही दिवस गुरुजींनी एक सायकलरिक्षा आणली. कपाट दुरुस्तीला न्यायचे आहे, असे त्यांनी मुलांना सांगितले. मुलांनी कपाट उचलून दिले. मग घड्याळ. मग टाटपट्ट्या, धुवायला म्हणून. रिक्षा चौकातल्या चढावर अडली तेव्हा मुलांनी मागून ढकलली. गुरुजी पुढे सायकलवर होते. त्यांनी वळून पाहिले नाही, असे बहीण सांगे. आमच्या वस्तीला नोटीस नव्हती. शाळेला होती, कारण ती खात्याची होती आणि खात्याला खात्याने कळवले होते. पुढे वडील त्यांना एकदा रस्त्यात भेटले. गुरुजी म्हणाले, मला वरून बजावले होते, तोंड उघडायचे नाही.

दोन दिवसांनी सकाळी ट्रक आले. पोलीस आले. लोखंडी सब्बली आणि घण घेतलेले मजूर उतरले. ते शेजारच्याच एका वस्तीतले होते, आमच्यासारखेच. त्यांच्यातल्या एकाने आबाजींना जयभीम केला आणि मग नजर खाली घातली.

त्यांच्याबरोबर आलेला साहेब तरुण होता, आवाज चढवणारा नव्हता. त्याने आधी विचारले, मध्ये कुठे पूजेची जागा आहे का. नाल्याच्या तोंडाशी पलीकडच्या लोकांचा शेंदूर फासलेला एक दगड होता, वर पत्र्याची मेघडंबरी. त्याभोवती त्याने चुन्याचे वर्तुळ काढायला लावले. त्या दगडाला हात लावायचा नाही, असे त्याने मजुरांना सांगितले. मग तो शाळेपाशी आला.

आबाजी म्हणाले, "हा बी विहार हाय साहेब. पूजेचीच जागा हाय."

साहेबाने पाटी वाचली. "ही तर शाळा आहे."

"आम्ही देल्ली शाळेले."

"मग तुमची राहिली कुठे?"

वडील पुढे झाले. सरकार स्वतःचीच शाळा कशी पाडते, असे त्यांनी विचारले. साहेब समजावणीच्या सुरात म्हणाला की उलट तीच सगळ्यात सोपी. घरे पाडताना माणसे अडवतात, मोबदला मागतात, वकील करतात. शाळा आपलीच, तिच्यासाठी कोणाला विचारायचे? म्हणून सुरुवात तिथूनच करायची आहे.

तेव्हा आबाजी आमच्या घराकडे पळाले. त्यांच्या मागे वडील आणि आणखी दोघे. ओसरीतली मूर्ती त्यांनी उचलली आणि चौकातून शाळेकडे आणली. मूर्ती सिमेंटची होती, जड होती, चौघांना नीट पेलत नव्हती. ती त्यांनी शाळेच्या उंबऱ्याआत ठेवली, फळ्याखाली. आबाजी धापा टाकत तिच्यासमोर मांडी घालून बसले.

साहेबाचा आवाज तेव्हाही चढला नाही. तो फौजदाराला म्हणाला, "पाहिलंत? आमच्यासमोर आणून ठेवली. हे लोक धर्माचा असा उपयोग करतात."

फौजदाराने आबाजींना काखेत हात घालून उठवून पाहिले. म्हातारा उठला नाही तेव्हा दोघा शिपायांनी त्यांना पायांकडून धरून बाहेर आणले. त्यांचे धोतर सुटले. बायकांनी तोंडे फिरवली. मूर्ती मजुरांनी बाहेर काढून ठेवली, जपून ठेवली, असे म्हटले पाहिजे. मग भिंतींना सब्बली लागल्या. विटांचे बांधकाम पक्के होते. दुपारपर्यंत वेळ लागला. फळ्याची भिंत शेवटी पडली.

घरे संध्याकाळच्या आत संपली. मातीची होती.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक चौकट होती. रस्त्यातील अतिक्रमण शांततेत हटवले, असा तिचा आशय. त्यात शाळेचा उल्लेख नव्हता. पुढे अनेक वर्षे अशा चौकटी मी स्वतः लिहिल्या, तेव्हा कळले की उल्लेख गाळावा लागत नाही. सरकारी ऑफिसातून मजकूर येतो त्यातच तो नसतो.

आम्हाला उमरेड रोडला, शहराच्या हद्दीबाहेर, मुरमाच्या माळावर प्लॉट दाखवले. आखणी खुंट्यांनी केली होती. पाणी टँकरने येई. शाळा नव्हती. आबाजी तिथे फार दिवस जगले नाहीत.

बहिणीची परीक्षा राहिली. वडील तिला घेऊन आधी नाल्यापलीकडच्या जुन्या शाळेत गेले. फक्त परीक्षेला बसू द्या, असे त्यांनी हात जोडून सांगितले. हेडमास्तर म्हणाले की तिचे नाव माझ्या पटावर नाही, तुम्हीच काढून नेले. जिथे होते तिथे विचारा. वडील म्हणाले, तिथे आता रस्ता आहे. हेडमास्तर म्हणाले, मग मी काय करू?

उन्हाळा गेला. जूनमध्ये वडील तिला घेऊन मोठ्या शाळेत गेले, वळसा घातलेल्या मैदानाच्या. आईने तिच्या केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. तिथले हेडमास्तर सभ्य होते, त्यांनी वडिलांना बसायला सांगितले. वडील उभेच राहिले. हेडमास्तरांनी बहिणीला पुस्तक वाचायला दिले. तिने न अडखळता वाचले. गणित दिले, तिने सोडवले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हुशार आहे. पण चौथी पास नाही. तिसरी पास झाल्याचेही काही तुमच्याजवळ नाही."

"पाडापाडीत गेलं साहेब," वडील म्हणाले. "पन तुमी आताच तं पाह्यलं, तिले येते."

"येते ते दिसले. पण मी पटावर काय लिहू?"

बराच वेळ विचार करून त्यांनी एक तोड काढली. शाळेच्या प्राथमिक विभागात दुसरीच्या वर्गात एक जागा होती. तिथून सुरुवात करू दे, पुढे पाहू. हे ते मेहरबानी म्हणून बोलले, आणि त्यांच्या बाजूने ती मेहरबानीच होती. बहिणीचे वय तेव्हा अकराच्या पुढे होते. ती लगेच हो म्हणाली. वर्ग कोणता हे तिने मनावर घेतले नाही. शाळा ती होती.

माळावरून ती एस.टी.ने येई, उमरेडहून येणाऱ्या गाडीने. गाडी भरलेली असली की कंडक्टर थांबवत नसे, मग ती चालत निघे. वर्गातली मुले तिच्या कमरेला लागत. पहिल्या आठवड्यात सगळी तिला काकू म्हणू लागली. ती घरी येऊन ते हसत सांगे. आई म्हणे, "काकू तं काकू. मान देऊन राहिले तुले." ती परत हसे.

वर्गाच्या बाईंना लवकरच तिचा उपयोग लक्षात आला. बाई विणकाम घेऊन बसत, बहीण मुलांकडून पाढे म्हणवून घेई. ते तिला आवडत होते. मग बाईंनी तिला सुट्टीनंतर वर्ग झाडायला सांगितले. तिने झाडला. मग कोणाचे नाक पुसायचे, कोणाची चड्डी ओली झाली तर बदलायची. एके दिवशी एका मुलाने वर्गात उलटी केली. चपराशी आजूबाजूला होता. बाईंनी बहिणीचे नाव घेतले. तिने चपराशाकडे पाहिले तेव्हा बाई म्हणाल्या, "तूच कर गं. तुम्हाला सवय असते."

तिने केले. त्यानंतर वर्गात काहीही सांडले, कोणीही ओकले, की बाईंना तिला हाक मारावी लागत नसे. मुलेच तिच्याकडे पाहत. शेजारच्या वर्गातूनही बोलावणे येऊ लागले.

यातले काही तिने घरी सांगितले नाही. दिवाळीनंतर एका सकाळी ती उठली, दप्तर घेतले नाही, आणि आईसमोर येऊन बसली. आईच्या मांडीवर तंबाखूचे सूप होते, बाजूला तेंदूची पाने भिजवलेली. बहिणीने कात्री घेतली आणि पाने कापायला लागली. आई थोडी सरकली.

वडील रात्रपाळीहून आले तेव्हा त्यांनी ते पाहिले.

"काहून गेली नाही वं?"

ती पाने कापत राहिली. त्यांनी पुन्हा विचारले. मग त्यांनी तिला मारले. याआधी त्यांनी तिला कधी मारले नव्हते. पाने विखुरली. आई मध्ये पडली नाही. तिचे हातही थांबले नाहीत, कारण सायंकाळपर्यंत बिड्या कारखान्यात द्यायच्या होत्या. वडील मारत होते आणि एकच बोलत होते, की तुझ्यासाठी विहार दिला, तुझ्यासाठी. ते खरे नव्हते. विहार रस्ता वळावा म्हणून दिला होता. पण त्या वेळी त्यांना ते तसे वाटत असावे.

मग ती बोलली. "मी शाळा झाडाले जातो बाबा. शिकाले नाही जात. पोट्टे वकले का मले बोलावते."

वडिलांचा हात खाली आला. ते खाटेवर बसले. त्यांनी हळू आवाजात सांगितले, "झाडून घे ना. दोन-चार वर्स झाडून घे. पाचवीत गेली का मंग तुले कोन बोलावते?"

"मले माहीत हाय कोन बोलावन ते," ती म्हणाली.

ती परत गेली नाही. वडिलांनी पुन्हा हात उचलला नाही आणि पुन्हा सांगितलेही नाही. तिचा हात बिडीवर लवकर बसला. आईपेक्षा तिची बिडी सरळ निघे, तपासणीत कमी बाद होई. कारखान्याच्या मुनीमाने आईला सांगितले, पोरीला शाळेत घालून तू उगाच वेळ घालवलास.

पुढच्या जूनमध्ये वडिलांनी मला त्याच शाळेत नेले. वयाने मी पहिलीत बसत होते, त्यामुळे हेडमास्तरांना अडचण आली नाही. त्यांनी बहिणीची चौकशी केली. घरी काम असते, असे वडील म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, असे व्हायला नको होते, मुलगी हुशार होती.

पहिल्या दिवशी मला गाडीवर बसवायला बहीण आली होती. माळावर आणखीही माणसे येऊन राहिली होती, त्यांच्यातल्या दोघी-तिघी मुली त्याच गाडीत होत्या. बहिणीने माझी वेणी पुन्हा घातली आणि मला सांगितले, "आयक. वर्गात कोनी वकलं तं तू उठू नको. बाईनं नाव घेतलं तरी उठू नको. फळ्याकडे पाह्यत राह्य."

पहिलीचा वर्ग त्या वर्षी त्याच बाईंकडे आला होता. श्रावणात एके दिवशी तसे झाले. बाईंनी माझे नाव घेतले. मी फळ्याकडे पाहत राहिले. त्यांनी पुन्हा घेतले, मग एक छडी हातावर दिली. मी उठले नाही. बाईंनी वर्गावर नजर फिरवली आणि माळावरच्याच दुसऱ्या एका मुलीचे नाव घेतले. ती उठली. तिला कोणी काही सांगून ठेवलेले नव्हते.

घरी आल्यावर मी हे सांगितले. बहीण बिडीला दोरा गुंडाळत होती. ती मुलगी कोणाची, कुठल्या ओळीत राहते, तिची आई घरी असते का, एवढेच तिने विचारले. मी सांगितले. तिने हातातली बिडी पूर्ण केली, सूप आईकडे सरकवले आणि त्या मुलीच्या घराकडे गेली.